सहा वर्षांची मुलगी स्वतःलाच मारून घेते

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका आईनं विचारलंय. मोठी मुलगी सहा वर्षांची, पहिलीत आहे. गेले तीन महिने अभ्यासाला बसवलं की कपाळावर मुठी मारून घेते, दंडाला चिमटे काढते आणि "मी घाणेरडी आहे, मला मारून टाक" म्हणते. मराठीच्या वहीला बसली की जास्त. दंडावर निळे डाग दिसतात. धाकटा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. तो झोपताना कॉटच्या कठड्यावर डोकं आपटतो. सासूबाई म्हणतात लक्ष देऊ नका, आपोआप जाईल. त्यांनी दोघांची दृष्टही काढली. नवऱ्यानं एकदा मुलीला धपाटा घातला, त्या रात्री ती आणखीच मारून घेत राहिली. आईचा प्रश्न असा, की दोघांना एकच आजार आहे का, आणि एवढी लहान मुलं असं का करतात?

ताई, आधी धाकट्याचं उरकते. त्याचं उत्तर सोपं आहे आणि तुमचं निम्मं ओझं त्यानं उतरेल.

झोपेच्या वेळी तालात डोकं आपटणं, अंग डोलवत राहणं हे धडधाकट बाळांमध्येही भरपूर दिसतं. साधारण सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास सुरू होतं, दीड-दोन वर्षांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं आणि बहुतेकांचं तीन-चार वर्षांपर्यंत थांबतं. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये जास्त. आपण बाळाला झोळीत घालून झोके देतो, मांडीवर घेऊन थोपटतो. तुमचा मुलगा तोच ताल स्वतःचा स्वतः धरतोय, फक्त त्याला वाजवायला कठडा सापडलाय. इथे सासूबाईंचं बरोबर आहे. आवाज आला की धावत जाऊन उचलू नका. कॉट भिंतीपासून हातभर लांब घ्या आणि स्क्रू आवळा, रोजच्या हादऱ्यांनी ते सैल होतात. कठड्याला उशा, गोधड्या मात्र बांधू नका. बाळाचं तोंड त्यात दबू शकतं. झोपवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं मांडीवर थोपटा, म्हणजे त्याची तालाची भूक थोडी आधीच भागते.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी बघून घ्या. एक म्हणजे कान. एकाच बाजूनं आपटत असेल, कान ओढत असेल, मधेच तापत असेल तर दुखणं कानाचं असू शकतं. दुसरं, रक्तातलं लोह. रडता रडता श्वास कोंडून निळी पडणारी मुलं असतात, त्यांच्यात लोहाची कमतरता बऱ्याचदा सापडते आणि ती भरून काढली की ते झटके कमी होतात. तुमच्या मुलाचं तसं नाही, पण वरचं दूध जास्त आणि जेवण कमी असेल तर तपासणं फुकट जाणार नाही. दिवसाही खेळ टाकून आपटत बसला, हाक मारली तरी बघेना, बोट दाखवून काही मागेना किंवा आलेले शब्द गेले, तर मात्र वाट न बघता विकासाची तपासणी करा. नाहीतर त्याला त्याच्या तालावर सोडा.

तर दोघांचं एकच नाही. मोठीचं वेगळं आहे आणि तिथे "लक्ष देऊ नका" हा सल्ला अर्धाच बरोबर आहे.

"मुलं असं का करतात" याचं एक उत्तर नसतं. एकाच मुलाचंही सकाळचं आणि संध्याकाळचं कारण वेगळं असू शकतं. मुलांच्या वागण्यावर काम करणारे आम्ही लोक विचारतो ते असं: हे कशानंतर सुरू होतं आणि काय घडल्यावर थांबतं? ही पद्धत जुनी आहे. ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत बाल्टिमोरला विकासात मागे असलेल्या नऊ मुलांचं निरीक्षण करून १९८२ साली ते प्रसिद्ध केलं. एकाच मुलाला कधी काम देऊन, कधी मारून घेतल्यावर लगेच लक्ष देऊन, कधी एकटं ठेवून आणि कधी मोकळं खेळू देऊन ते बघत होते. कुणाचं मारून घेणं काम सांगितलं की वाढायचं, कुणाचं एकटं असताना, कुणाचं माणसाचं लक्ष मिळत असेल तेव्हा. बाहेरून दिसायला सगळ्यांची कृती जवळपास सारखीच. आज आम्ही दवाखान्यात आईबापांच्या हातात वही देतो, तिचं मूळ या कामात आहे.

वही म्हणजे काय ते दाखवते. काही वर्षांपूर्वी किराणा दुकान असलेले एक वडील सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. (तपशील थोडे बदललेत.) मी तीन रकाने आखून द्यायच्या आधीच त्यांनी उधारीच्या लांब वहीत मागच्या बाजूनं नोंदी सुरू केल्या होत्या, दुकानदारी शिस्तीत. एक नोंद अशी होती: "मंगळवार ७-४०. श्रुतलेखन. 'पुस्तक' चुकलं. खोडलं. परत चुकलं. रबरानं पान फाटलं. कपाळावर मुठी ५-६. हिच्या आईनं वही मिटली, पाणी दिलं. ७-४५ शांत." खाली बुधवार, तसंच. गुरुवारी फक्त गणित होतं, त्या रकान्यात त्यांनी नुसती आडवी रेघ मारली होती. शुक्रवारी "व्यवस्था", "स्वच्छ", परत मुठी, परत वही मिटली.

आठ दिवसांच्या त्या पानावर सगळं होतं. आधी काय? जोडाक्षरं. नंतर काय? वही मिटते. म्हणजे त्या घरात "आता बस, मला जमत नाहीये" हे सांगायचा चालणारा मार्ग एकच उरला होता. रडून बघितलं तर "नाटकं करू नको" ऐकायला मिळायचं. पोटात दुखतंय म्हटलं तर "शाळेत नाही दुखलं?" मुठी मारल्या की मात्र घरातली सगळी माणसं थबकायची. म्हणून ती लबाड होती का? नाही. सहा-सात वर्षांचं मूल असं ठरवून करत नाही. पायाला खडा टोचला की आपण विचार न करता पाय उचलतो, तसं ते असतं. जे केल्यावर टोचणं थांबलं, ते परत होतं.

त्या मुलीला पुढे वाचनातली अध्ययन अक्षमता निघाली. तुमच्या मुलीलाही तेच असेल असं मी म्हणत नाही. सहाव्या वर्षी हा शिक्का कुणी मारूही नये, औपचारिक निदान साधारण आठव्या वर्षाच्या आसपास करतात. पण मराठीच्या वहीलाच जास्त होत असेल, तर या महिन्यात डोळे आणि कान दोन्ही तपासून घ्या. शाळेतल्या बाईंना विचारा की फळ्यावरचं उतरवताना काय होतं, मोठ्यानं वाचायला सांगितलं की काय होतं. घरी मराठीचा लेखी अभ्यास पंधरा दिवस बंद ठेवा. हो, पूर्ण बंद. बाईंना तसं सांगून करा. पहिलीत पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही, आणि त्यात मारून घेणं कितपत कमी होतं हे कळणं जास्त मोलाचं आहे.

आता त्या शब्दाविषयी. "घाणेरडी." सहा वर्षांचं मूल स्वतःसाठी विशेषण शोधून काढत नाही, ते कुठून तरी उचललेलं असतं. अक्षर घाणेरडं आहे असं कुणी म्हटलं असेल आणि तिनं ते स्वतःवर घेतलं असेल. माझ्याकडे येणारी पुष्कळ मुलं स्वतःला मारताना नेमकं तिथेच मारतात जिथे त्यांना मारलं गेलंय, आणि तेच वाक्य म्हणतात जे त्यांना ऐकवलं गेलंय. वर्गात टपली बसत असेल तर टपली. शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. तरी हा प्रकार संपलेला नाही, तुम्हालाही माहीत आहे. घरात तर अशी थेट बंदीही नाही. धपाटा घातला त्या रात्री का वाढलं ते यात आलं. त्या धपाट्यानं तिच्या बोलण्यावर शिक्कामोर्तब केलं: वाईट मुलीला मारतात, बाबांनीही मारलं. हे नवऱ्याला सांगताना भांडू नका. त्यांनी घाबरून मारलं असणार. मी बापांना इतकंच म्हणते की तिचे हात धरायचे असतील तर धरा, पण त्या हातांना आणखी एक हात देऊ नका.

ऐन वेळी काय करायचं ते थोडक्यात. तिच्या जवळ, तिच्या उंचीला बसा, समोर नको, बाजूला. कपाळ आणि मूठ यांच्यामध्ये तुमचा तळवा किंवा छोटी उशी घाला. हात पिरगाळून धरू नका, त्यानं झटापट होते. बोलणं कमी. "मी आहे. लागू देणार नाही." बस. त्या क्षणी "असं करतात का?", "बघ आजीला किती वाईट वाटतं" हे काही कामाचं नाही, त्या वेळी तिच्या कानात शब्द शिरत नाहीत. काही मुलांना मिठी लागते, काहींना मिठीनं आणखी कोंडल्यासारखं होतं. तुमची कुठली ते तुम्हाला ठाऊक असेल. धाकट्याला दुसऱ्या खोलीत न्या. कुणी मोबाईलवर व्हिडिओ काढत असेल तर थांबवा. (डॉक्टरांना दाखवायला एकदा, लांबून, तिला नकळत काढला तर चालतो. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला नाही.) शांत झाली की पाणी द्या, आणि लगेच हिशेब मागू नका.

खरं काम बाकीच्या वेळात आहे. तिला "थांब" म्हणायचा दुसरा मार्ग द्यायचा. मी साधं करते. पुठ्ठ्याचा एक तुकडा, त्यावर तिनंच रंगवलेला हात. तो टेबलावर ठेवला की काम थांबणार, पाच मिनिटं, कुणीही काही न बोलता. सुरुवातीला तिनं तो दर दोन मिनिटांनी ठेवला तरी दर वेळी थांबायचं. इथेच बहुतेक घरं कच खातात. "अशानं ती कधी अभ्यासच करणार नाही" असं वाटतं. पहिला आठवडाभर करणारही नाही. पण पुठ्ठा मुठीपेक्षा लवकर आणि हमखास काम करतो हे तिला पटलं, की मुठीची गरज उरत नाही. मग हळूहळू "हे एक अक्षर, मग थांबू" असं वाढवता येतं. पुठ्ठ्याला एकदा जरी "आत्ताच तर थांबलो होतो" म्हणालात तर ती परत मुठींवर येईल, आणि त्यात तिची चूक नसेल.

सासूबाईंचा सल्ला इथे अर्धा पडतो तो असा. एखादी गोष्ट मूल लक्ष मिळवायला करत असेल आणि आपण अचानक लक्ष काढून घेतलं, तर ती कमी होण्याआधी वाढते. हट्टाच्या बाबतीत हे वाढणं सोसता येतं. स्वतःला मारण्याच्या बाबतीत नाही, कारण त्या वाढण्यात इजा होते, आणि घाबरून आपण सगळ्यात जोरदार मुठीलाच दाद देतो. म्हणून नुसतं दुर्लक्ष नको. मारण्याकडे कमी नाटकीपणानं बघा, इजा थांबवा, आणि बाकी दिवसभर फुकटचं लक्ष भरपूर द्या. पोळ्या लाटताना तिला एक छोटा गोळा द्या, एवढ्यानंही फरक पडतो.

"मला मारून टाक" हे ऐकून पोटात गोळा येतो, आणि त्यावर घरात दोनच प्रतिक्रिया असतात: ओरडणं किंवा ऐकलंच नाही असं दाखवणं. दोन्ही टाळा. मरण म्हणजे परत न येणं हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान हळूहळू उमगतं. तुमची मुलगी नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. तेव्हा तिला काय म्हणायचंय ते तिलाच विचारायला लागेल. रात्री अंथरुणावर पडल्यावर, दिवा मालवलेला असताना बरं पडतं: "परवा तू म्हणालीस ना, मला मारून टाक. मग काय होईल असं वाटतं तुला?" एका मुलीनं मला सांगितलं होतं, "मग आई दुसरी हुशार मुलगी आणेल." दुसऱ्या एका मुलानं सांगितलं, "मग मी आजोबांकडे जाईन." आजोबा दिवाळीत गेले होते आणि कुणी त्याच्याशी त्याबद्दल बोललं नव्हतं. वाक्य एकच, मागचं दुखणं निराळं. असं विचारल्यानं मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती निराधार आहे. मोकळेपणानं विचारल्यानं धोका वाढत नाही हे आता पक्कं माहीत आहे. ऐकून झाल्यावर "असं बोलू नये" म्हणू नका. "सांगितलंस ते बरं केलंस" म्हणा.

विचारण्याबरोबर घरही आवरा. शेतीचं घर असेल तर फवारणीचं औषध गोठ्यात किंवा ओट्याखाली नको, कुलपात हवं. आजीच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्या उशाखाली नकोत. लहान मूल योजना आखत नाही, रागाच्या भरात हाताला येईल ते करून बसतं, म्हणून हाताला न येणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र वही आणि पुठ्ठ्यावर थांबू नका, त्याच आठवड्यात तज्ज्ञ गाठा. राग नसताना, शांतपणे मरणाबद्दल वारंवार बोलणं. लपून इजा करून घेणं आणि जखमा झाकणं. अभ्यासाशी संबंध नसताना, कुठल्याही वेळी मारून घेणं. झोप, जेवण, खेळ अचानक बदलणं. कोरडी झालेली मुलगी परत अंथरूण ओलं करू लागणं. आणि एखाद्या ठराविक माणसाकडे, ठराविक शिकवणीला, ठराविक घरी जायला नकार देणं. ही शेवटची खूण लोक फार सहज उडवून लावतात. "घाणेरडी" हा शब्द मी मघाशी अक्षराशी जोडला, पण तो अंगाशीही जोडलेला असू शकतो. तिला अंघोळ घालताना, सहज विचारा: "कुणी तुला आवडणार नाही असं हात लावतं का?" एकदाच, आणि कुणाचंही नाव न घेता. नाव तुम्ही सुचवलंत तर ती मान हलवेल आणि खरं काय ते कधीच कळणार नाही. काही सांगितलं तर विश्वास ठेवा, उलटतपासणी करू नका. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, माझ्यावर आणि तुमच्यावरही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवरून मदत मिळते.

ही उत्तरं वाचणाऱ्यांमध्ये स्वमग्नता किंवा मतिमंदत्व असलेल्या मुलांचे पालकही असतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. तुमच्या मुलांमध्ये स्वतःला चावणं, डोक्यावर मारणं जास्त दिसतं आणि ते जास्त टिकतं. अचानक वाढलं तर वर्तनाचा विचार करण्याआधी दुखणं शोधा: दात, कान, बद्धकोष्ठता, घशाशी येणारं आम्ल. बोलता न येणारा एक मुलगा महिनाभर गालावर मारून घेत होता, शेवटी किडलेली दाढ काढल्यावर आठवड्यात थांबला. रिस्पेरिडोनसारखं औषध काही मुलांना खरंच उपयोगी पडतं, पण भूक आणि वजन वाढवतं, म्हणून ते देताना वजनाचा काटा घरात हवा. आणि अगदी विरळा, स्वतःचे ओठ, बोटं चावून जखमी करणारा लेश-नायहान नावाचा जनुकीय आजार असतो, बहुतेक मुलग्यांमध्येच. १९६४ साली त्याचं पहिलं सविस्तर वर्णन झालं. त्यात युरिक आम्ल वाढलेलं असतं, बाळाच्या लंगोटात नारिंगी वाळूसारखे कण पडतात. माझ्या बावीस वर्षांत मी तो एकदाच पाहिला, तेव्हा गूगलवर वाचून रात्र काढू नका.

कुठे जायचं? खासगी तज्ज्ञ परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं केंद्र, कुठे आहे ते विचारा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातलं हे केंद्र आहे. डोळे, कान, विकास, बोलणं यांची तपासणी तिथे एका छताखाली होते, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, मोफत. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येतं ते पथक याच कार्यक्रमाचं, त्यांच्याकडून चिठ्ठी घेतलीत तर पुढची रांग सोपी होते. रात्री-बेरात्री घाबरलात तर १४४१६ वर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी आली किंवा काही पोटात गेलं असा संशय असेल तर हेल्पलाइनला फोन करत बसू नका, थेट दवाखाना किंवा १०८ ची रुग्णवाहिका.

वही आजपासून सुरू करा. मुलीसमोर लिहू नका, ती झोपल्यावर लिहा. तारीख, वेळ, आधी काय, नंतर कुणी काय केलं. आणि ज्या दिवशी काहीच झालं नाही, त्या दिवशी त्या दुकानदारासारखी नुसती आडवी रेघ मारा. तपासायला बसले की मी आधी त्या रेघाच बघते.